फरक खरा की योगायोग?
(डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जीवनपरिचय)



स्मरणिकेसाठी चरित्र लिहायचे म्हटले की कवी, समाजसुधारक, देशभक्त, शिक्षणासाठी झिजलेले दाते अशी नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. ती यायलाच हवीत. पण यंदा मी एका संख्याशास्त्रज्ञाचे चरित्र घेऊन आपल्यापुढे येत आहे. विषयाचे नाव ऐकूनच काहींना पान उलटावेसे वाटेल, हे मी जाणतो. मी स्वतः बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक. उच्च गणिताशी माझा संबंध बेताचाच. तरीही हे नाव निवडले, त्यामागे माझी एक चूक आहे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी आठवीच्या मुलांसाठी गणिताचा सकाळचा जादा तास सुरू केला. नऊ मुले येत. पुढच्या चाचणीत त्या नऊ जणांची सरासरी चार गुणांनी वाढली. पालकसभेत मी ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. दुसऱ्या वर्षी तासाला गर्दी झाली. खाडीपलीकडची एक मुलगी उजाडण्यापूर्वी पहिल्या तरीने येई. तिचे वडील नोकरीनिमित्त आखातात. आई धाकट्या मुलांना झोपेत टाकून तिला तरीपर्यंत पोचवायला येत असे. वर्ष संपले आणि मी गुण मांडून पाहिले, तेव्हा तासाला येणारी मुले व न येणारी मुले यांच्यात काहीच फरक दिसला नाही. मग पहिल्या वर्षीचे चार गुण आले कोठून? कदाचित दुसरी प्रश्नपत्रिका सोपी असेल. कदाचित त्या नऊ मुलांचा दिवस चांगला असेल. तो फरक खरा की योगायोगाचा, हा प्रश्न मी सभेत उभा राहण्यापूर्वी स्वतःला विचारलाच नव्हता. आणि त्याची किंमत त्या मायलेकींनी वर्षभर भरली.

हा प्रश्न नीट विचारण्याची आणि त्याचे उत्तर आकड्यांच्या तक्त्यावरून पडताळून पाहण्याची एक रीत आहे. ती रीत ज्यांनी घडवली व वापरात आणली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातील एका सुपुत्राचे नाव मानाने घेतले जाते. ते नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

जन्म आणि शिक्षण

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. बुध हे खटाव तालुक्यातले गाव. हा मुलूख पावसाच्या बाबतीत नेहमीच दुबळा. आपल्या कोकणात पाऊस जास्त झाल्याची तक्रार असते. तिकडे ढग आले तरी पाऊस पडेलच याची खात्री नसते.

वाचकहो, दुष्काळी भागातल्या माणसाला आणेवारी हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले, याचा अंदाज महसुली अधिकारी शेत पाहून बांधीत. त्या अंदाजावर शेतसाऱ्याची सूट ठरे, दुष्काळ जाहीर व्हायचा की नाही तेही ठरे. पुढे आण्यांची जागा पैशांनी घेतली आणि पैसेवारी हा शब्द आला. पण पूर्वीची रीत डोळ्यांच्या अंदाजाची होती. एकाच्या डोळ्याला जे आठ आणे, ते दुसऱ्याच्या डोळ्याला दहा आणे. दोन आण्यांच्या या फरकात हजारो घरांची चूल अडकलेली असे. सुखात्मे यांच्या पुढील आयुष्यातले एक मोठे काम या अंदाजाच्या जागी मोजमाप आणण्याचे होते.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ साली पदवीधर झाले. १९३३ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी १९३६ साली पीएच.डी. मिळवली व पुढे १९३९ साली डी.एस्सी. या पदवीने त्यांचा गौरव झाला. त्या काळी संख्याशास्त्र शिकण्यासाठी जगात याहून चांगली जागा सापडणे कठीण होते. रोनाल्ड फिशर, ईगॉन पिअरसन, जर्झी नेमन ही या शास्त्रातील दिग्गज मंडळी तेव्हा त्याच कॉलेजात होती. गंमत अशी, की फिशर एका बाजूला आणि पिअरसन-नेमन दुसऱ्या बाजूला असा त्यांच्यात कडाक्याचा मतभेद होता. सुखात्मे यांनी दोन्ही बाजूंकडून विद्या घेतली.

तक्ता काय सांगतो?

आता थोडे गणित. घाबरू नका, सातवीच्या मुलाला समजेल इतकेच आहे.

एक नाणे दहा वेळा उडवा. सात वेळा छापा आला, तर नाणे खोटे म्हणाल का? म्हणू नका. अगदी खऱ्या नाण्यातही दहा उडवण्यांत एकच बाजू सात किंवा अधिक वेळा पडणे हे शंभरात सुमारे चौतीस वेळा घडते. पण तेच नाणे शंभर वेळा उडवले आणि सत्तर वेळा छापा आला, तर मात्र संशय घ्यावा. कारण खऱ्या नाण्यात इतका एकतर्फी निकाल दहा हजारांत एखादे वेळीच लागेल. टक्केवारी दोन्हीकडे सत्तरच. फरक पडला तो किती वेळा पाहिले याचा.

शेतीतही हेच. समजा, आपल्या भागातील सहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी एका कुणग्याचे दोन समान भाग केले. कोणत्या भागाला नवे खत घालायचे, ते चिठ्ठी टाकून ठरवले. दुसऱ्या भागाला जुने. कापणीनंतर भात मोजले. नव्या खताच्या भागात जुन्यापेक्षा अनुक्रमे ४ किलो जास्त, १ किलो कमी, ३ जास्त, २ जास्त, ५ जास्त आणि १ कमी असे उत्पन्न आले. बेरीज १२, म्हणजे सरासरी २ किलोंचा फायदा. खताचा दुकानदार येथेच थांबेल व पिशव्या विकू लागेल.

संख्याशास्त्रज्ञ मात्र पुढे जातो. हे सहा फरक आपसांत किती विखुरलेले आहेत, ते तो पाहतो. प्रत्येक फरक सरासरीपासून किती दूर आहे ते काढून त्याचा वर्ग करायचा; ते वर्ग मिळवले की ३२ येतात. त्यांना सहातून एक वजा करून आलेल्या पाचाने भागायचे, ६.४ येतात. ते पुन्हा सहाने भागून वर्गमूळ काढले की सुमारे १.०३ येते. सहा जोड्यांवरून काढलेली सरासरी निव्वळ योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकते, त्याचे हे माप. आता २ ला १.०३ ने भागा. उत्तर सुमारे १.९४. या उत्तराला टी असे नाव आहे.

हा टी घेऊन तक्त्याकडे जायचे. तक्त्यात सहा जोड्यांसाठी, म्हणजे पाचच्या ओळीत, २.५७१ हा आकडा दिलेला आहे. त्याचा अर्थ असा: खतात मुळीच फरक नसेल, तरी निव्वळ योगायोगाने टी एवढा किंवा याहून मोठा (मग तो फायद्याकडे असो वा तोट्याकडे) शंभरात पाचच वेळा येईल. आपला १.९४ त्याहून लहान आहे. तेव्हा या सहा कुणग्यांवरून खत चांगले असे ठरवता येत नाही. शास्त्राच्या भाषेत हा फरक सार्थ नाही.

पण हाच प्रयोग बारा शेतकऱ्यांनी केला आणि हेच सहा फरक प्रत्येकी दोनदा आले, तर? सरासरी तीच, २ किलो. मात्र टी आता सुमारे २.८७ येतो आणि तक्त्यात अकराच्या ओळीत २.२०१ आहे. आपला आकडा मोठा ठरला. आता फरक सार्थ म्हणता येतो. विद्यार्थी मित्रांनो, हे गणित वहीत स्वतः करून पाहा. एकदा केलेत की जन्मात विसरणार नाही.

हा टीचा तक्ता मुळात विल्यम गॉसेट यांचा. ते डब्लिनच्या गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत नोकरीला होते. त्यांना थोड्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत. १९०८ साली त्यांनी स्टुडंट, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने आपला शोध प्रसिद्ध केला. फिशर यांनी रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करताना ही विद्या वाढवली आणि १९२५ साली ग्रंथरूपाने संशोधकांच्या हाती दिली. शंभरात पाच ही मर्यादा रूढ झाली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

सुखात्मे यांचा तक्ता

वर आपण एकाच कुणग्याचे दोन भाग पाहिले. पण पुष्कळदा असे जोडीने मोजता येत नाही. जुने बियाणे काही शेतांत, नवे बियाणे दुसऱ्याच शेतांत. त्यातही जुन्या बियाण्याचे उत्पन्न सगळीकडे जवळजवळ सारखे येते आणि नव्याचे एका शेतात भरघोस, तर दुसऱ्यात अगदी कमी. दोन गटांचा विखुरलेपणा वेगळा असेल, तर गॉसेट यांचा तक्ता सरळ लावता येत नाही. या अडचणीवर १९२९ साली बेहरेन्स नावाच्या जर्मन संशोधकाने उपाय सुचवला होता आणि १९३५ साली फिशर यांनी तो आपल्या पद्धतीने मांडला. मात्र त्याचा तक्ता नव्हता. आणि तक्ता नसलेली रीत म्हणजे किल्ली नसलेले कुलूप. शेतावर काम करणाऱ्या संशोधकाला ती वापरता येणार कशी?

तो तक्ता सुखात्मे यांनी तयार केला. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या संपादनाखाली कलकत्त्याहून निघणाऱ्या संख्या या नियतकालिकात तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी सुखात्मे अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्या काळी आजच्यासारखे संगणक नव्हते. असे तक्ते हाताने फिरवायच्या गणकयंत्रांवर, एकेक आकडा पुनःपुन्हा तपासून तयार होत. त्यात सहाच्या ओळीत २.४४७ च्या आसपासचे आकडे आहेत आणि निरीक्षणे वाढत जातील तसे ते उतरत शेवटी १.९६० वर येऊन थांबतात. १.९६० हा आकडा लक्षात ठेवा. तो आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

फिशर व येट्स या दोघांनी संशोधकांसाठी संख्याशास्त्रीय तक्त्यांचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो अनेक दशके जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरला गेला. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत सुखात्मे यांचा हा तक्ता त्यांच्या नावाने समाविष्ट झाला. या रीतीविषयी पंडितांत वाद झाले हेही सांगितले पाहिजे. नेमन यांच्या विचाराच्या लोकांना फिशर यांची मांडणी कधीच पटली नाही. आज संगणकावर हे काम बहुधा वेल्च नावाच्या संशोधकाच्या रीतीने केले जाते. पण सातारा जिल्ह्याच्या एका खेड्यात जन्मलेल्या तरुणाने केलेला तक्ता जगातल्या संशोधकांच्या टेबलावर होता, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी असे मला वाटते.

शेताच्या बांधावर

स्वदेशी परतल्यावर सुखात्मे काही काळ कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत अध्यापक होते. १९४० साली ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत (आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद) रुजू झाले. तीन वर्षांनी, १९४३ साली, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला व लक्षावधी माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. देशात धान्य नेमके किती पिकते, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते, हे त्या काळात प्रकर्षाने जाणवले.

सुखात्मे यांनी या कामाला शास्त्रीय पाया दिला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीवर न ठेवता, गावे निवडायची. गावातील शेते तशीच निवडायची. शेतात एक ठरावीक मापाचा तुकडा आखायचा. त्यातले पीक कापून, झोडून, वजन करायचे. यालाच आपण पीक कापणी प्रयोग म्हणतो. आपले तलाठी व कृषी खात्याचे लोक दोरी, खुंट्या व तराजू घेऊन शेतात आलेले आपण पाहिले असतील. त्या दोरी-खुंट्यांमागे हा विचार आहे. चिठ्ठीचे महत्त्व कोकणातल्या माणसाला सहज कळेल. नवे बियाणे मळ्याच्या जमिनीत लावले आणि जुने वरकस जमिनीत, तर जो फरक येईल तो जमिनीचा. बियाण्याला त्याचे श्रेय देणे हा अन्याय आहे.

याच कामात त्यांचा प्रा. महालनोबीस यांच्याशी मोठा वाद झाला. तुकडा केवढा असावा, हा प्रश्न होता. महालनोबीस लहान तुकडे घेत. त्याने खर्च वाचतो व पुष्कळ जागा पाहता येतात. सुखात्मे यांनी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यात १९४४-४५ साली गव्हाच्या शेतांत लहान व मोठे तुकडे घेऊन प्रत्यक्ष तुलना केली. लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते, असे त्यांना आढळले. कारण साधे आहे. तुकडा लहान असला की त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी होते. कडेवरचे रोप आतले की बाहेरचे, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. यात कोणाची लबाडी नसते. पण अशा शेकडो तुकड्यांत चूक एकाच दिशेने साचत जाते. आणि ज्या देशात धान्य कमी आहे, तेथे ते पुरेसे आहे असा हिशेब लागतो.

पालकहो, येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. तक्ता योगायोगाची चूक ओळखतो. हाताची, डोळ्याची आणि मनाची चूक तो ओळखू शकत नाही. मोजणेच वाकडे असेल तर तक्त्याकडे जाऊन उपयोग नाही. महालनोबीस हेही या देशातील थोर शास्त्रज्ञ. त्यांच्याविषयी आपल्या मनात आदरच असावा. पण थोरांतही वाद होतात आणि ते शेतावर जाऊन, मोजमाप करून लढवता येतात, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

१९४७ साली भारतीय कृषी संख्याशास्त्र सोसायटी स्थापन झाली. तिच्या उभारणीत सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. ज्या विभागात ते काम करीत, त्यातूनच पुढे दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था वाढली. विनायक गोविंद पानसे या दुसऱ्या मराठी शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी शेतीतील कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींवर पुस्तक लिहिले; ते १९५४ साली निघाले. आपल्या मुलांपैकी कोणी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत असेल, तर त्याला विचारा. पानसे आणि सुखात्मे ही नावे त्याने ऐकलेली असतील. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती आपल्या बागायतदारांना दिल्या. अशी कलमे आपल्या अंगणात येण्यापूर्वी वर्षानुवर्षे चाचण्या चालतात, आणि त्या चाचण्यांत फरक खरा की योगायोगाचा, हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो.

रोममध्ये भुकेचा हिशेब

१९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून रोमला गेले व सुमारे वीस वर्षे तेथे राहिले. जगातली दोनतृतीयांश माणसे पोटभर जेवत नाहीत, असे त्या काळी मोठमोठी माणसे सांगत. ऐकणाऱ्याचे मन हेलावे. पण हा आकडा कसा काढला, हे कोणी विचारीत नसे. सुखात्मे यांनी ते विचारले. १९६१ साली त्यांनी आपला हिशेब मांडला. जगातील शंभरांपैकी दहा ते पंधरा माणसांना पुरेसे अन्न मिळत नाही. आणि अन्न अपुरे किंवा निकस असणाऱ्यांची सगळी संख्या घेतली तर ती निम्म्यापर्यंत जाते. अन्न व शेती संघटना आजही दरवर्षी जगातल्या भुकेलेल्यांची संख्या जाहीर करते. त्या हिशेबाच्या रीतीचे मूळ सुखात्मे यांच्या या कामात आहे. इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले. भारत सरकारने १९७१ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

पुण्यातील वाद

निवृत्तीनंतर ते पुण्याला परतले. मिळालेल्या मानसन्मानावर ते स्वस्थ बसू शकले असते. पण वयाची साठी उलटल्यावर त्यांनी आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त प्रश्न हाती घेतला. माणसाला रोज इतके उष्मांक लागतात, अशी एक सरासरी ठरवायची आणि त्याहून कमी खाणारे सगळे उपाशी समजायचे, अशी मोजणीची रीत होती. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की एकाच निरोगी माणसाचे खाणे व त्याची गरज आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होत असते. शरीर काही मर्यादेपर्यंत आपले आपण जुळवून घेते. मग सरासरीच्या किंचित खाली असणारा प्रत्येक जण उपाशी कसा? म्हणून रेषा सरासरीवर न आखता तिच्यापासून दोन मापे खाली आखावी. निरोगी माणसांपैकी फारच थोडे त्या रेषेखाली जातील. तेव्हा तिच्या खाली जो असेल तो खरोखर उपाशी. हे दोनाचे माप म्हणजे आपल्या तक्त्यातले १.९६०, पूर्णांकात घेतलेले. तरुणपणी कुणग्यांना लावलेली कसोटी त्यांनी आता माणसाच्या ताटाला लावली होती.

या हिशेबाने देशातील उपाशी माणसांची संख्या पुष्कळ कमी झाली, आणि वादळ उठले. पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी त्यांना जोरदार विरोध केला. दांडेकर हे भारतातील दारिद्र्याचा अभ्यास करणारे नामवंत अर्थशास्त्रज्ञ. गरीब माणूस कमी खातो तो परवडत नाही म्हणून; त्याच्या कमी खाण्याला नैसर्गिक चढउतार म्हणणे योग्य नाही, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. शरीर जुळवून घेते हे खरे मानले, तरी त्यासाठी ते काय गमावते, असेही इतर टीकाकार विचारीत.

वाचकहो, या वादात कोण बरोबर, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण वादाचे मूळ समजण्यासारखे आहे. नेमन आणि ईगॉन पिअरसन यांनी लंडनमध्ये शिकवले होते, की चुका दोन तऱ्हेच्या असतात. नसलेला फरक आहे म्हणणे ही एक, आणि असलेला फरक नाही म्हणणे ही दुसरी. पोटभर जेवणाऱ्याला उपाशी मोजले, तर सरकारचे धान्य वाया जाईल. उपाशी माणसाला पोटभर जेवणाऱ्यांत मोजले, तर तो उपाशीच राहील. शंभरात पाचची मर्यादा पहिल्या चुकीला लगाम घालते. दुसऱ्या चुकीची किंमत काय, ते तक्त्यात छापलेले नसते. ते माणसांनी बसून ठरवावे लागते. खताच्या बाबतीत चुकलो तर एक हंगाम जाईल. भुकेच्या बाबतीत चुकलो तर मूल जाईल. म्हणून एकच रेषा सगळीकडे लावता येत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही २०१६ साली जाहीर निवेदन काढून, केवळ एवढ्या एका मर्यादेवर निर्णय घेऊ नका, असे संशोधकांना बजावले.

सुखात्मे यांनी आकड्यांच्या वादातच वेळ घालवला असे मात्र नाही. नुसते धान्य वाढवून भागणार नाही. पाणी गढूळ असेल, आजूबाजूला घाण असेल, मूल जुलाबाने हैराण असेल, तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हे ते आग्रहाने मांडीत. विहिरीजवळच सांडपाणी सोडणाऱ्या आपल्या वाड्यांना हे आजही लागू आहे.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. भारत सरकारने २००० साली त्यांच्या नावाने संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

आपण काय घ्यावे?

पालकहो, आपल्यापुढे रोज कोणी ना कोणी निकाल घेऊन येतो. अमुक क्लासची मुले पहिली आली, अमुक औषधाने गुण आला, अमुक माध्यमात घातल्याने मुलगा हुशार झाला. त्यापायी आपण आखातातून आलेला, दर्यावर कमावलेला पैसा खर्च करतो. त्या वेळी चार प्रश्न विचारा. किती जणांवर पाहिले? कोणाशी तुलना केली? ते निवडले कसे? आणि एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडला नसता कशावरून? उत्तर देणारा गडबडला, तर पैसे पुन्हा खिशात ठेवा. शिक्षक असला तरी हेच प्रश्न विचारा, मलाही विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, दहावीनंतर गणित सोडण्याची आपल्याकडे घाई असते, मुलींच्या बाबतीत तर फारच. संख्याशास्त्र हा विषय महाविद्यालयात शिकता येतो. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन्सिल, तक्ता आणि चिकाटी लागते. शेती, आरोग्य, मासेमारी, बँका, सरकारी खाती, सगळीकडे ही विद्या जाणणाऱ्यांची गरज आहे. एका दिवसाच्या रापणीत बांगडा कमी आला म्हणून समुद्रातला बांगडा संपला की नाही, हे सांगणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा का असू नये?

सकाळचा तास मी अजूनही घेतो, पण आता रीत बदलली आहे. ज्यांना यायचे आहे त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतो. निम्मी मुले पहिल्या सहामाहीत, उरलेली दुसऱ्या सहामाहीत. दोन्ही गटांना प्रश्नपत्रिका एकच. गुण वहीत मांडतो, टी काढतो आणि तक्ता उघडतो. दोन वर्षांचे आकडे जमले आहेत. फरक दिसतो, पण तो तक्त्यातल्या आकड्याला अजून पोचत नाही. म्हणून खाडीपलीकडच्या मुलांना मी सध्या शाळा सुटल्यावर बसवतो. पहाटेच्या तरीने या, असे सांगण्याइतका पुरावा माझ्याजवळ अजून नाही.